चर्चची उत्तर भिंत, घराची दक्षिण भिंत: लेकॉक अ‍ॅबेचे प्रकरण

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, चिपनम गावापासून काही मैलांवर, एव्हन नदीच्या काठी लेकॉक नावाचे खेडे आहे. खेड्याच्या कडेला, नदीलगतच्या कुरणात, एक मोठे दगडी घर उभे आहे आणि त्याचे नाव लेकॉक अ‍ॅबे असे आहे. अ‍ॅबे म्हणजे मठ; पण १५३९ सालापासून तेथे मठ नाही. घराच्या दक्षिण अंगाला गेले की समोर हिरवळ लागते, आणि भिंतीतून पुढे आलेल्या तीन कोरीव खिडक्या दिसतात. ही भिंत मुळात घराची नव्हतीच. ती मठाच्या चर्चची उत्तरेकडची भिंत होती आणि आज जेथे हिरवळ आहे तेथे चर्च होते. चर्च पाडले गेले, त्याची एकच भिंत ठेवली गेली, आणि ज्या बाजूकडे तोंड करून जोगिणींनी, म्हणजे मठातील ख्रिस्ती संन्यासिनींनी, तीनशे वर्षे स्तोत्रे म्हटली ती आतली बाजू उघड्यावर येऊन घराची दर्शनी बाजू झाली.

राजा आठवा हेन्री याच्या कारकिर्दीत, १५३६ ते १५४० या अवघ्या चार-पाच वर्षांत, इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ८०० मठ बंद करण्यात आले. त्यांतील बहुतेकांचे दगड आसपासच्या गोठ्यांत, कुंपणांत आणि पुलांत गेले. काहींचे भग्नावशेष झाले. थोडे थोडके नव्या मालकांची घरे झाली. लेकॉक या शेवटच्या गटातले आहे, पण त्यातही त्याचे वेगळेपण असे की चर्च वगळता जवळजवळ अख्खा मठ घराच्या पोटात शाबूत राहिला आहे. हे कसे घडले, हा या प्रकरणाचा विषय आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: ही वास्तू कोणी भक्तिभावाने जपली म्हणून टिकली नाही. ती सोयीची होती म्हणून टिकली, आणि सोय संपली तेव्हा ती पाडून नवी बांधण्याइतका पैसा मालकांच्या हाती बहुधा नव्हता.

एलाचा मठ

मठाची स्थापना एका विधवेने केली. एला ही सॉल्झबरीच्या सरदारकीची स्वतःच्या हक्काने वारस होती. वडील वारले तेव्हा ती लहान मुलगी होती, आणि तिचे लग्न विल्यम लाँगस्पे याच्याशी लावून देण्यात आले. लाँगस्पे हा राजा दुसरा हेन्री याचा अनौरस पुत्र, म्हणजे राजा रिचर्ड आणि राजा जॉन यांचा सावत्र भाऊ. १२२० मध्ये सॉल्झबरीच्या नव्या कॅथेड्रलचा पाया घातला गेला तेव्हा एक दगड त्याने बसवला आणि एक एलाने. १२२६ मध्ये तो वारला आणि त्याच कॅथेड्रलमध्ये त्याचे दफन झाले. एलाने दुसरे लग्न केले नाही. पुढे काही वर्षे ती विल्टशरची शेरीफ होती. परगण्यातील राजाची वसुली आणि बंदोबस्त यांचा अधिकार या पदाकडे असे, आणि त्या काळी तो बाईच्या हाती जाणे ही फार दुर्मीळ गोष्ट होती.

१६ एप्रिल १२३२ या एकाच दिवशी तिने दोन मठांची स्थापना केली. सकाळी लेकॉक येथे जोगिणींच्या मठाचा पाया घातला आणि दुपारी हिंटन येथे कार्थुसियन पंथाच्या संन्याशांच्या मठाचा. लेकॉकच्या जोगिणी संत ऑगस्टिनच्या नियमाने राहणार होत्या. सहा वर्षांनी एलाने स्वतः तेथे दीक्षा घेतली, लवकरच ती मठाची अध्यक्षा झाली, १२५७ मध्ये वार्धक्यामुळे तिने पद सोडले, आणि १२६१ च्या ऑगस्टमध्ये तिचा अंत झाला. मठाच्या चर्चमध्येच तिचे दफन करण्यात आले.

एलाच्या शेरीफपदाचा आणि लाँगस्पेच्या दरबारी स्थानाचा एक अनपेक्षित वारसा मठाकडे आला. राजा तिसरा हेन्री याने १२२५ मध्ये मॅग्ना कार्टा ही सनद नव्याने जारी केली, तिच्या प्रती परगण्या-परगण्यांत पाठवल्या गेल्या, आणि विल्टशरची प्रत लेकॉकच्या मठात ठेवली गेली. पुढची सातशे वर्षे ती या वास्तूच्या छपराखाली राहिली. मठ गेला, मालक बदलले, एक मालक तर राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेला. पण कातड्यावर लिहिलेली ती सनद दप्तरात जिथल्या तिथे राहिली. इतकी मोलाची वस्तू टिकून राहण्याचे कारणही बहुधा हेच असावे की तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

मठाची मांडणी इथे नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. मध्ये मोकळा चौक आणि त्याच्या कडेने छत असलेल्या ओवऱ्या. आपल्याकडील चौसोपी वाड्याची कल्पना असणाऱ्याला हा नकाशा परका वाटणार नाही. चौकाच्या दक्षिणेला चर्च. पूर्वेच्या सोप्यात तळमजल्यावर पूजासाहित्याची खोली, मठाची सभा भरत असे ते दालन आणि शेकोटीची खोली; वरच्या मजल्यावर जोगिणींचे निजघर. उत्तरेला वरच्या मजल्यावर भोजनगृह आणि त्याखाली कोठाराच्या खोल्या. पश्चिमेला अध्यक्षेचे निवासस्थान आणि पाहुण्यांची सोय. हिवाळ्यात जोगिणींना शेकायला मुभा असलेली ती एक खोली आजही तशीच आहे, आणि तीत आजच्या बेल्जियममधील मेखेलन येथे १५०० साली पीटर वाखेव्हेन्स या कारागिराने ओतलेला प्रचंड कांस्य हंडा ठेवलेला आहे. ओवऱ्यांची सध्याची कोरीव दगडी छते मुख्यतः १५व्या शतकातली आहेत.

इंग्लंडमधील मठांत चर्च बहुधा चौकाच्या उत्तरेला बांधत. कारण साधे होते: उंच चर्चची सावली चौकावर पडू नये आणि ओवऱ्यांत ऊन यावे. लेकॉकमध्ये ते उलटे होते. चर्च दक्षिणेला असल्यामुळे जोगिणींच्या वाट्याला सावली आली. पण जेव्हा हे चर्च पाडले गेले, तेव्हा याच उलट्या मांडणीमुळे उरलेल्या भिंतीला पूर्ण दक्षिणेचे ऊन मिळाले. या उन्हाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

तीनशे पौंडांची मुदत

१५३४ मध्ये हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख घोषित केले. १५३५ मध्ये देशातील सर्व धर्मसंस्थांच्या उत्पन्नाची मोजदाद झाली आणि त्याच सुमारास राजाचा मुख्य मंत्री टॉमस क्रॉमवेल याचे तपासनीस मठामठांतून फिरू लागले. त्यांचा हेतू उघड होता. दुर्वर्तनाचे पुरावे मिळाले तर मठ बंद करणे सोपे जाणार होते. लेकॉकला जॉन अ‍ॅप राइस हा तपासनीस ऑगस्टमध्ये येऊन गेला आणि त्याने क्रॉमवेलला कळवले की येथे दखल घेण्याजोगा दोष आढळला नाही. आणखी एक तपशील त्याने आवर्जून लिहिला: जोगिणींकडे पंथाचे नियम जुन्या फ्रेंच भाषेत लिहिलेले होते आणि त्या ती भाषा उत्तम जाणत होत्या. कायद्याची आणि दरबाराची म्हणून जपलेली ती फ्रेंच बाहेरच्या जगात केव्हाच मागे पडली होती. आपल्या भाषेत सांगायचे तर सरकारी तपासनिसाने मठात जाऊन मोडी वाचणाऱ्या बायका पाहाव्यात, तसा हा प्रसंग.

दोष सापडला नाही म्हणून मठ वाचला, असे मात्र नाही. १५३६ च्या कायद्याने वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले मठ बंद करायचे ठरवले, आणि लेकॉकचे निव्वळ उत्पन्न १६८ पौंडांच्या घरात होते. कायद्यात एक पळवाट होती. राजाची मर्जी झाली तर दंडवजा रक्कम भरून मठ चालू ठेवण्याची परवानगी मिळू शकत होती. लेकॉकने १५३७ च्या जानेवारीत ३०० पौंड भरून ती मिळवली. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचे उत्पन्न देऊन जोगिणींनी आपलाच मठ राजाकडून पुन्हा विकत घेतला. या रकमेचा मोबदला काय मिळाला, तर बरोबर दोन वर्षे. २१ जानेवारी १५३९ रोजी मठ राजाच्या स्वाधीन करण्यात आला. हिशेब मांडला तर मठाने आपले जवळजवळ सगळे उत्पन्न जणू मुदतीच्या भाड्यापोटी चुकते केले, आणि मुदत संपताच जागा खाली करून दिली.

त्या वेळी मठात १७ जोगिणी होत्या. शेवटची अध्यक्षा जोन टेम्स हिला वर्षाला ४० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर झाले. बाकीच्यांना त्याहून पुष्कळ कमी. त्याच वर्षी पार्लमेंटने केलेल्या सहा कलमी कायद्यानुसार घेतलेले ब्रह्मचर्याचे व्रत मठ सुटल्यावरही बंधनकारक राहिले. मठ नाही, लग्नही नाही आणि हाती तुटपुंजी रोकड, अशा स्थितीत या बायका बाहेर पडल्या. या वास्तूच्या इतिहासात पुढे श्रीमंत मंडळींची वर्दळ फार आहे, म्हणून ही नोंद इथे ठळकपणे करून ठेवतो.

शॅरिंग्टनचा हिशेब

१५४० मध्ये विल्यम शॅरिंग्टन याने मठ आणि त्याची जमीन सुमारे ७८३ पौंडांना विकत घेतली. शॅरिंग्टन राजाच्या पोशाखखान्यातून वर चढलेला दरबारी माणूस होता. जुन्या घराण्याचे मोठेपण त्याच्यापाशी नव्हते, पण इटलीकडून येणाऱ्या नव्या वास्तुशैलीची त्याला मनापासून आवड होती आणि चांगले गवंडी हेरण्याची नजर होती. असे माणूस मठ विकत घेऊन काय करते, हे पाहण्यासाठी त्याच्या समकालीनांशी तुलना करावी लागते.

टिचफिल्डच्या मठाचे घर करताना टॉमस रायझली याने चर्चच्या मुख्य भागाच्या मधोमध भव्य दरवाजाची देवडी उभारली. मॉटिसफॉन्ट येथे लॉर्ड सँडिस याने चर्चलाच राहते घर केले. दोघांनाही चर्चची उंची आणि भव्यता हवी होती. शॅरिंग्टनने नेमके उलटे केले. त्याने चर्च पाडले आणि जोगिणींच्या राहण्याच्या खोल्या ठेवल्या. मला हा निर्णय फार समंजस वाटतो, आणि त्यामागे धार्मिक संकोच शोधण्याचे कारण दिसत नाही. चर्च म्हणजे एक लांबलचक, उंच, एकसंध दालन. त्यात मजले घालायचे, धुराडी काढायची, भिंती फोडून खिडक्या पाडायच्या, हा मोठा खटाटोप. उलट चौकाभोवतीचे सोपे मुळात माणसांच्या निजण्या-जेवण्यासाठीच बांधलेले होते. वरच्या मजल्यावर मोठी दालने तयार होती आणि प्रतिष्ठित घराची मुख्य दालने वरच्या मजल्यावर असावीत हीच तेव्हाची रीत होती. निजघर आणि भोजनगृह यांचे दिवाणखाने झाले. खालच्या कमानदार खोल्या कोठारासाठी आणि नोकरांच्या वावरासाठी सोडून दिल्या गेल्या. ज्या खोल्या कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हत्या त्या कोणी बदलल्याही नाहीत, आणि म्हणून १३व्या शतकातील सभादालन आज आपल्याला पाहायला मिळते.

चर्चची उत्तर भिंत ठेवण्यामागेही हाच हिशेब होता. ती भिंत दक्षिणेच्या ओवरीला टेकलेली होती. ती पाडली असती तर ओवरीही गेली असती आणि घराची चौथी बाजू नव्याने बांधावी लागली असती. चर्चचे छप्पर, खांब आणि बाकीच्या भिंती गेल्या. मठांच्या विक्रीत छपराचे शिसे आणि घंटा यांवर सर्वसाधारणपणे राजाचा हक्क असे, तेव्हा चर्च तसेही लवकरच उघडे पडणार होते.

शॅरिंग्टनने स्वतःची म्हणून जी भर घातली तिच्यातली सर्वांत ठसठशीत गोष्ट म्हणजे घराच्या आग्नेय कोपऱ्यावरचा अष्टकोनी मनोरा. त्याच्या एका मजल्यावर दागदागिने आणि कागदपत्रे ठेवण्याची भक्कम खोली आहे आणि सर्वांत वर, गच्चीवरून चालत जाऊन पोहोचावे असे, जेवणानंतरचे गोडधोड खाण्यासाठीचे छोटे दालन आहे. दोन्ही खोल्यांत अष्टकोनी दगडी मेजे आहेत. त्यांपैकी एकाला अर्धे माणूस आणि अर्धे बोकड अशा ग्रीक वनदेवतांनी तोलून धरले आहे. हे काम राजाच्या नोकरीतील जॉन चॅपमन या दगडकाम करणाऱ्याचे असावे असे मानले जाते. संपूर्ण इंग्लंडमध्ये इतक्या लवकरच्या काळात इटालियन वळणाचे इतके सफाईदार काम फार थोड्या ठिकाणी आहे. घराच्या उत्तरेला त्याने घोड्यांच्या पागा, बिअर गाळण्याची भट्टी आणि इतर कामाच्या इमारती यांचे मोठे आवार बांधले. ते आजही उभे आहे.

पैसा कोठून आला, हा प्रश्न टाळता येत नाही. १५४६ मध्ये शॅरिंग्टन ब्रिस्टलच्या टांकसाळीचा प्रमुख अधिकारी झाला. तो काळ सरकारनेच नाण्यांतील चांदी कमी करण्याचा होता; शॅरिंग्टनने त्यावर आपली कडी केली. ठरल्यापेक्षा जास्त आणि हलकी नाणी पाडायची, हिशेबाच्या वह्या बदलायच्या, खेड्यांतील चर्चची चांदीची भांडी विकत घेऊन तीही वितळवायची, असा त्याचा उद्योग होता. पुढे तो टॉमस सीमोर याच्या कटात ओढला गेला. सीमोर हा बालराजा सहावा एडवर्ड याचा मामा. कारभार हाती असलेल्या आपल्याच भावाला उलथून टाकण्यासाठी त्याला सैन्य हवे होते आणि सैन्यासाठी १०,००० पौंडांची नाणी शॅरिंग्टनने पाडून द्यावीत असे ठरले होते. १५४९ च्या जानेवारीत लेकॉकच्या घराची झडती झाली, शॅरिंग्टन पकडला गेला आणि त्याने सगळे कबूल केले. त्याच्या जबानीचा उपयोग सीमोरविरुद्ध झाला. मार्चमध्ये सीमोरचा शिरच्छेद झाला.

शॅरिंग्टन मात्र वाचला. त्याला माफी मिळाली आणि जप्त झालेल्या जमिनी त्याने हजारो पौंड भरून सोडवून घेतल्या. ही रक्कम त्याने मठासाठी मोजलेल्या ७८३ पौंडांच्या कित्येक पट होती. बिशप लॅटिमर याने राजासमोरच्या प्रवचनात, घेतलेले परत करणारा माणूस म्हणून त्याचे कौतुक केले, आणि १५५२ मध्ये तो विल्टशरचा शेरीफ झाला, म्हणजे तीन शतकांपूर्वी एला ज्या पदावर होती त्याच पदावर. पुढच्याच वर्षी तो वारला. अवघ्या दोन दशकांत लेकॉकचा मठ दोनदा राजाकडून पुन्हा विकत घ्यावा लागला होता, एकदा जोगिणींना आणि एकदा चोराला, आणि दुसऱ्या वेळी परतावा अधिक चांगला मिळाला.

टॉल्बट घराणे

शॅरिंग्टनला मूलबाळ नव्हते. मालमत्ता भाऊ हेन्रीकडे गेली. १५७४ मध्ये राणी पहिली एलिझाबेथ लेकॉकला आली तेव्हा तिने त्याला सर ही पदवी दिली. हेन्रीची मुलगी ऑलिव्ह हिने वुस्टरशरच्या जॉन टॉल्बटशी लग्न केले. बापाचा या लग्नाला विरोध होता, म्हणून एका रात्री ऑलिव्हने गच्चीवरून खाली उभ्या असलेल्या प्रियकराच्या अंगावर उडी घेतली, तो बेशुद्ध पडला, आणि एवढी उडी घेणारीने आता त्याच्याशीच लग्न करावे असे बापाने म्हटले, अशी कथा १७व्या शतकातील लेखक जॉन ऑब्री याने नोंदवली आहे. ऑब्रीला गोष्टी आवडत, एवढे लक्षात ठेवून ती वाचावी. त्या लग्नामुळे घर टॉल्बट घराण्याकडे आले आणि पुढची साडेतीनशे वर्षे राहिले. यादवी युद्धात येथे राजपक्षाची शिबंदी होती आणि १६४५ मध्ये ती पार्लमेंटच्या सैन्याला शरण गेली. इमारतीचे त्यात मोठे नुकसान झाले नाही.

१८व्या शतकाच्या मध्यावर जॉन आयव्हरी टॉल्बट याने पश्चिमेचे जुने दालन पाडून नवे बांधले. सँडरसन मिलर या हौशी वास्तुकाराने त्याला गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन, शैलीतील मोठे दालन आखून दिले. १७५५ च्या सुमारास ते तयार झाले. भिंतींच्या कोनाड्यांत झेडरबाख नावाच्या ऑस्ट्रियन शिल्पकाराच्या भाजक्या मातीच्या मूर्ती बसवल्या गेल्या आणि छतावर शेजारच्या मित्रपरिवाराची कुलचिन्हे रंगवली गेली. गंमत अशी की ज्या गॉथिकची ही हौसेने केलेली नक्कल होती, ते खरेखुरे गॉथिक त्याच घरात काही पावलांवर, ओवऱ्यांच्या छतांत होते. मठ संपून दोनशे वर्षे झाल्यावर त्याचा आभास पुन्हा फॅशन म्हणून आला होता, आणि अस्सल ओवऱ्या मात्र अजूनही घराच्या मागच्या कामांसाठी होत्या.

खिडकी

विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट याचा जन्म ११ फेब्रुवारी १८०० चा. तो पाच महिन्यांचा असताना वडील वारले आणि मागे मोठे कर्ज राहिले. घर भाड्याने देण्यात आले. आई एलिझाबेथ आणि सावत्र वडील चार्ल्स फील्डिंग यांनी कर्ज फेडत आणले आणि १८२७ मध्ये कुटुंब लेकॉकला राहायला आले. या पंचवीस-सव्वीस वर्षांकडे इतिहासकार सहसा रिकामा काळ म्हणून पाहतात. मला ती या वास्तूच्या दृष्टीने भाग्याची वाटतात. इंग्लंडमधील कित्येक जुनी घरे नेमक्या याच काळात तत्कालीन आवडीनुसार पाडून नव्याने बांधली गेली. लेकॉकमध्ये भाडेकरू होते, आणि भाडेकरू दुसऱ्याच्या भिंती पाडत नाही.

राहायला आल्यावर टॉल्बटने दक्षिण बाजू सुधारायला घेतली. चर्चच्या त्या जुन्या भिंतीत त्याने पुढे आलेल्या तीन खिडक्या बसवल्या, तिन्ही वेगवेगळ्या घडणीच्या, आणि आतल्या बाजूला लांबट दिवाणखाना केला. गणित, वनस्पतिशास्त्र, प्रकाशविज्ञान आणि प्राचीन लिपी अशा अनेक विषयांत त्याची गती होती. चित्रकलेत मात्र नव्हती. १८३३ च्या ऑक्टोबरमध्ये, लग्नानंतरच्या प्रवासात, इटलीतील कोमो सरोवराच्या काठी तो दृश्य कागदावर उतरवू पाहत होता. लोलकाच्या उपकरणाने दृश्य कागदावर दिसे, पण हात साथ देईना. कागदावर पडलेली ही प्रकाशाची प्रतिमा आपोआप उमटून टिकेल काय, हा प्रश्न त्याला तेथे पडला. घरी परतल्यावर त्याने मिठाच्या पाण्यात आणि मग चांदीच्या क्षारात भिजवलेल्या कागदावर प्रयोग सुरू केले. लहान लाकडी पेट्या करून त्यांना भिंगे बसवली आणि त्या घराभोवती जागोजागी ठेवून दिल्या. त्याची पत्नी कॉन्स्टन्स त्यांना उंदरांचे सापळे म्हणत असे.

१८३५ च्या ऑगस्टमध्ये यांपैकी एक पेटी दक्षिण दिवाणखान्यात, मधल्या खिडकीकडे तोंड करून ठेवली गेली. टपाल तिकिटाएवढ्या कागदावर खिडकीची प्रतिमा उमटली: काचा काळ्या, चौकटी पांढऱ्या. त्या कागदाखाली टॉल्बटने स्वतः लिहून ठेवले आहे की तो प्रथम तयार झाला तेव्हा भिंगातून पाहता सुमारे २०० काचा मोजता येत होत्या. एवढ्या मंद संवेदनशीलतेच्या कागदाला प्रखर उजेड हवा होता, आणि तो उजेड दक्षिणेकडे तोंड असलेल्या खिडकीतून येत होता. चर्च नेहमीसारखे चौकाच्या उत्तरेला असते, किंवा शॅरिंग्टनने ते पाडले नसते, तर ही खिडकी तेथे नसती. त्यामुळे छायाचित्रण कोठेही जन्मले नसते असे अर्थातच नाही. टॉल्बटकडे इतर खिडक्या होत्या आणि फ्रान्समध्ये दागेर हा संशोधक छायाचित्रणावर स्वतंत्रपणे काम करत होता. पण नेमकी हीच प्रतिमा आपल्याकडे आहे, आणि ती चर्चच्या जागेवरून आलेल्या उजेडाने उमटलेली आहे.

१८३९ च्या जानेवारीत दागेरच्या शोधाची घोषणा पॅरिसमध्ये झाली, तेव्हा टॉल्बटने घाईने आपले कागद बाहेर काढले आणि महिनाअखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे निबंध सादर केला. त्यात त्याने आपल्या घराविषयी असा दावा केला की स्वतःचे चित्र स्वतःच काढणारी ही जगातील पहिली वास्तू असावी. दागेरच्या पद्धतीत धातूच्या पत्र्यावर एकच प्रतिमा मिळे. टॉल्बटच्या कागदी निगेटिव्हवरून, म्हणजे काळे-पांढरे उलट उमटलेल्या प्रतिमेवरून, हव्या तितक्या प्रती काढता येत, आणि पुढच्या दीडशे वर्षांच्या छायाचित्रणाचे तत्त्व तेच राहिले. कागदी निगेटिव्हची ही पद्धत भारतातही वापरली गेली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा लेकॉकच्या त्या खिडकीला वीस वर्षेही झाली नव्हती.

दानपत्र

टॉल्बट १८७७ मध्ये लेकॉकलाच वारला. मुलगा चार्ल्स हेन्री अविवाहित राहिला आणि त्याने आपला वेळ घराच्या इतिहासात घातला. मठाच्या खोल्यांकडे इतिहास म्हणून पाहणारा तो या घराचा पहिला मालक म्हणता येईल. त्याच्या काळात वास्तुतज्ज्ञ हॅरल्ड ब्रॅकस्पिअर याने दक्षिणेची हिरवळ खणून पाडलेल्या चर्चचा पाया शोधला. १९१६ मध्ये मालमत्ता भाची मटिल्डा हिच्याकडे आली, आणि तिने टॉल्बट हे आडनाव घेतले. एवढी मोठी वास्तू आणि खेड्यातील जवळजवळ सगळी घरे सांभाळणे एका घराण्याच्या आवाक्याबाहेर गेले होते. १९४४ मध्ये तिने घर आणि खेडे दोन्ही नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दान केले. खेड्याची घरे तुकड्यातुकड्याने विकली न गेल्यामुळे तेही एकसंध राहिले, आणि आज ऐतिहासिक चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी तेथे नित्य गर्दी असते. मॅग्ना कार्टाची ती प्रत मटिल्डाने ब्रिटिश म्युझियमला दिली आणि आता ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. खिडकीचे निगेटिव्ह ब्रॅडफर्डच्या संग्रहालयात, उजेडापासून दूर ठेवलेले आहे.

एलाचे म्हणून दाखवले जाणारे थडग्याचे दगडी झाकण मात्र लेकॉकमध्येच आहे. चर्च नसल्यामुळे ते ओवरीत आणून ठेवलेले आहे. त्याच्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे की खाली पूज्य एलाच्या अस्थी पुरलेल्या आहेत. तिला पुरले होते ती जागा भिंतीच्या पलीकडे आहे, हिरवळीखाली.